पोटावरचा दिवा

तायम्माळने ओल्या पिठाच्या गोळ्यात अंगठा रुतवून खळगा पाडला, आणि तो पुरेसा खोल वाटला नाही म्हणून पुन्हा रुतवला.

“अत्तै, फुटेल तो,” पूंगोदै सासूला म्हणाली.

“फुटत नाही. उखळातलं पीठ आहे. मिक्सरमधलं असतं तर फुटलं असतं.”

हे कौतुक होतं की नुसतं आपलं बोलणं, हे पूंगोदैला कळलं नाही. सासूच्या बाबतीत ते तिला बावीस वर्षांत कधीच कळलं नव्हतं. घरात मिक्सर होता, पण नवसाच्या पिठाला वीज चालत नाही असं तायम्माळचं म्हणणं, म्हणून पहाटे उठून भिजवलेले तांदूळ पूंगोदैने उखळात कुटले होते. कुटता कुटता तिला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि मुसळ पायावर आलं. अंगठा अजून ठणकत होता.

आडी हा देवीचा महिना, त्यातला शुक्रवार, म्हणून मारियम्मनच्या देवळात मुंगीलाही वाट नव्हती. एका कोपऱ्यात आंबील वाटणं चालू होतं, कर्ण्यावर अम्मनची गाणी कोकलत होती, आणि मंडपात माणसं ओळीने उताणी पडली होती. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या पोटावर केळीच्या पानाचा तुकडा, आणि त्यावर तांदूळ-गुळाच्या पिठाचा पेटता दिवा. ज्या जागचं दुखणं अम्मनने नेलं त्या जागेवर दिवा लावायचा, असा नवस.

दुखणं मरुदमुत्तुचं होतं, म्हणजे पूंगोदैच्या नवऱ्याचं. चार महिन्यांपूर्वी त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तायम्माळने इस्पितळाच्या दाराशीच हा नवस बोलून टाकला होता. खरं तर आडवं व्हायचं त्याने. पण सकाळी त्याने अंग काढून घेतलं. “पोट माझं असलं तरी नवस तुझा आहे, आई. मला चारचौघांत आडवं पाडू नकोस,” असं म्हणून तो सायकलवर टांग टाकून चहाच्या टपरीवर गेला. सायकल मारण्याइतकं त्याचं पोट बरं झालं होतं. उठून माठातलं पाणी घेण्याइतकं मात्र झालं नव्हतं. पाणी हवं असलं की तो खाटेच्या लोखंडी पायावर पेला वाजवायचा. तो आवाज पूंगोदैला आताशा गायीच्या घंटेतसुद्धा ऐकू यायचा, आणि ती हातातलं टाकून धावायची.

तिची मागणी काही मोठी नव्हती. वेदारण्यमला मिठागरांजवळ तिची बहीण अंजुगम राहायची. तिच्याकडे आठ दिवस जायचं आणि पडून राहायचं, एवढंच. दोनदा तिने सासूला विचारलं होतं आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आलं होतं: “नवस फिटू दे.” मरुदमुत्तुला विचारण्यात काही राम नव्हता. तो “जा की, मी कुठे अडवलंय” म्हणायचा आणि लगेच पेला वाजवायचा. आज नवस फिटणार होता. तेव्हा आजच, घर गाठायच्या आत, इथेच विचारायचं असं तिने बसमध्ये मनाशी ठरवलं होतं. आज राहिलं तर पुन्हा विचारायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

पुजारी ताट घेऊन आला.

“नाव, नक्षत्र?”

“मरुदमुत्तु. उत्तराषाढा,” तायम्माळ म्हणाली.

“आणि या?”

“ही सून. त्याच्या जागी नुसती निजायला आलीय. हिचं नाव नको.”

“चालतं. बायको म्हणजे अर्धं अंगच,” असं म्हणून पुजाऱ्याने अर्चना पुटपुटली, दोघींच्या कपाळाला अंगारा लावला आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

पूंगोदैने घसा खाकरला. “अत्तै, एक विचारायचं होतं.”

“आधी आडवी हो. वारा सुटलाय, वात धरायची नाही.”

ती फरशीवर उताणी झाली. सासूने तिच्या पोटावर ओल्या पंच्याची घडी ठेवली, घडीवर पान, पानावर दिवा. मग तुपाचा स्टीलचा डबा उघडला. घरच्या गायीचं तूप होतं. मरुदमुत्तुच्या अंगात ताकद यावी म्हणून ते त्याच्या भातासाठी राखून ठेवलेलं असे, आणि डब्याचा ताबा तायम्माळकडे असे. तिने मोजून दोन चमचे खळग्यात ओतले.

“अर्धा तास जळेल. बारा-चाळीसची बस चुकायला नको, त्याचं जेवण राहील. आणि आता बोलायचं नाही, उठायचं नाही. दिवा शांत होईपर्यंत.”

वात पेटली. पूंगोदैने तोंड मिटलं.

पोटावर दिव्याचं वजन होतं, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं. श्वासाबरोबर ज्योत वर यायची आणि खाली जायची. दिवा शांत झाल्यावर नेमकं काय बोलायचं, ते ती जुळवू लागली. अंजुगमची तब्येत बरी नसते म्हणावं का? पण अंजुगम चांगली ठणठणीत होती. मग खरं सांगावं का, की अत्तै, मी फार थकलेय? हे वाक्य तिने आजवर कुणाला म्हटलं नव्हतं, आणि ते कसं म्हणतात हेही तिला ठाऊक नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, की आत्ता या घडीला कुणी पेला वाजवला, कुणी हाक मारली, गाय हंबरली, तरी आपल्याला उठता येणार नाही. उठायला मनाई आहे. या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि देवळात पडून असलं काही वाटतंय याची लाजही वाटली. पाणी ओघळून कानात गेलं. पुसायला तिने हात उचलला नाही.

जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. कर्णा बंद होता. आजूबाजूची माणसं बदलली होती. पोटावरचा दिवा मात्र जळत होता.

पूंगोदैने मान तेवढी वळवली. सासू शेजारी बसली होती. पाठीला खांब नसेल तर तायम्माळला वीस मिनिटंही बसवत नसे. इथे जवळपास खांब नव्हता. तिचा डावा हात पानाच्या कडेवर होता. उजव्या हाताने तिने तुपाचा डबा तिरपा केला होता, आणि तळाशी चिकटलेलं तूप बोटाने निपटून ती दिव्यात सोडत होती. दिव्याच्या कडा करपून काळ्या झाल्या होत्या. वातसुद्धा वेगळी होती, फिक्या पिवळ्या रंगाची, सासूच्या लुगड्याच्या रंगाची. पदराची एक किनार फाटलेली दिसत होती.

“अत्तै, किती वाजले?”

“बोलू नको. दिवा आहे अजून.”

डब्यात काही उरलं नव्हतं. ज्योत बारीक झाली, निळसर झाली, आणि शांत झाली. तायम्माळने पानासकट दिवा उचलून घेतला, तेव्हा पूंगोदै उठून बसली.

“साडेतीन वाजलेत,” तायम्माळ म्हणाली.

“बस?”

“गेली. पाच-दहाची आहे.”

“आणि त्यांचं जेवण?”

“घरात भात आहे, ताक आहे. त्याला हात आहेत.” तिने हात मागे टेकून कंबर सरळ केली आणि कण्हली. “तुझा फोन चार वेळा वाजला. मी तो पिशवीत तळाला घातलाय, नारळाखाली.”

पूंगोदैने डबा हातात घेतला. आत नुसता वास उरला होता. “हे त्यांचं तूप होतं, अत्तै.”

“होतं.”

तायम्माळने दिव्याचा करपलेला भाग मोडून बाजूला केला, आतला तुपात मुरलेला मऊ तुकडा सुनेच्या हातावर ठेवला आणि ती खाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

“घोरत होतीस,” ती म्हणाली. “दोनदा कुशीवर वळायला निघालीस. दिवा धरून बसावं लागलं.” मग दुसरीकडे बघत म्हणाली, “शेजारी एक बाई होती. तिने विचारलं, आजारी ही आहे का? मी म्हटलं, नाही, माझा मुलगा. तर म्हणते, दिसते तर हीच.”

पूंगोदैच्या तोंडात गोड पीठ होतं. जुळवलेलं वाक्य तिला आठवेना.

पुजारी ताट घेऊन पुन्हा फेरीला निघाला होता. तायम्माळने त्याला हात केला.

“आणखी एक अर्चना करायचीय.”

“मघाशी झाली ना, आजी?” पुजारी म्हणाला. “मुलाची.”

“ही वेगळी. प्रवासाची. सून बहिणीकडे निघालीय, वेदारण्यमला. उद्याच्या गाडीने.” ती थांबली. “पंधरा दिवस.”



“नाव?”

“पूंगोदै.”

“नक्षत्र?”

तायम्माळने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती सुनेकडे वळली.

“तुझं नक्षत्र काय गं?”

पूंगोदैच्या जिभेवर सवयीने नवऱ्याचं उत्तराषाढा आलं. बावीस वर्षं दर शुक्रवारी, दर पौर्णिमेला तिने तेच सांगितलं होतं. ताट समोर होतं, कापूर जळत होता, आणि पुजारी दुसऱ्या ओळीकडे बघून चुळबूळ करत होता.

“थांबा,” ती म्हणाली. “आठवून सांगते.”