बुधवारचं पाणी

कोणत्या देशाने मला व्हिसा नाकारला ते मी सांगणार नाही. शेवटी दिलाही त्यांनीच, आणि पुन्हा जायचं आहे, उगाच वैर कशाला? पण नकाराचं पत्र आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हा माणूस मुदतीत मायदेशी परतेल याची खात्री पटत नाही, असं लिहिलं होतं. मी! आमच्या सांडोर गावाबाहेर दोन रात्री काढायच्या म्हटलं तरी ज्याला झोप लागत नाही, तो म्हणे त्यांच्या बर्फात लपून राहणार!

हौसेने जायचं नव्हतंच. माझी मुलगी संपदा तिकडे नोकरी करते. जावई बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. संपदाच्या मणक्याचं ऑपरेशन वीस नोव्हेंबरला ठरलं होतं आणि त्यानंतर सहा आठवडे तिला काहीही उचलायची बंदी होती. तीन वर्षांच्या आयुषला मग आंघोळ कोण घालणार? माझी बायको यमुना असती तर तीच गेली असती. तिला जाऊन चार वर्षं झाली. राहिलो मी.

"बाबा, नाही जमलं तर तारीख पुढे ढकलते," संपदा फोनवर म्हणाली. आणखी थांबलं तर डावा पाय कायमचा जाईल असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. हे तिने मला सांगितलं नाही, जावयाने सांगितलं.

वसई स्टेशनजवळ भूपेश व्हिसाची कागदपत्रं करून देतो. त्याने माझी फाइल पुन्हा उघडली. संपदाच्या जन्मदाखल्यावर मंत्रालयाचा शिक्का होता, त्यावर दिल्लीचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणपत्र होतं. म्हणजे ती माझीच मुलगी आहे याबद्दल राज्य आणि केंद्र यांचं एकमत होतं. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतरही होतं.

"काका, कागद चोख आहेत," भूपेश म्हणाला. "पण तुम्ही परत येणार हे त्यात कुठे आहे? काकू नाहीत, नोकरी नाही, मुलगी तिकडे. त्यांना वाटतं, इथे तुमचं आहे कोण?"

"माझ्या केळी आहेत."

"केळी सही करत नाहीत, काका." त्याने सातबाऱ्यावर बोट ठेवलं. "ही विहीर सामाईक आहे ना? या दुसऱ्या वाटेकऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणा. वाडी तुम्ही स्वतः करता, तुमच्या मागे ती कोण बघणार, एवढं त्यांनी नोटरीसमोर लिहून दिलं तरी फरक पडेल."

दुसरा वाटेकरी म्हणजे हिलरी. आमच्या वाड्या लागून, मध्ये विहीर एकच. आजोबांच्या काळापासून पाण्याची पाळी ठरलेली आहे: बुधवार-शनिवार माझे, मंगळवार-शुक्रवार त्याचे. अकरा वर्षांपूर्वी एका बुधवारी त्याने माझ्या वेळेतला अर्धा तास खाल्ला. तो म्हणाला, काल वीज गेली होती. मी म्हणालो, वीज गेली म्हणून वार बदलत नाही. मग दोन्हीकडचे आईबाप निघाले, आणि तेव्हापासून बोलणं बंद. यमुनाच्या मयताला तो आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि गेला. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

तीन दिवस मी भूपेशला शिव्या घालत फिरलो. चौथ्या दिवशी फोनवर आयुषने विचारलं, "आजोबा, तुझी बॅग भरली?" फोन ठेवला आणि तसाच हिलरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो माठाच्या जुड्या बांधत बसला होता.

"हिलरी, मला तुझी सही पाहिजे," मी म्हणालो, आणि संपदाच्या पाठीपासून आयुषच्या आंघोळीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

हातातली जुडी बांधून होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. "बघतो," म्हणाला. पाणीसुद्धा विचारलं नाही.

दोन दिवसांनी भूपेशचा फोन आला. हिलरी स्वतः नोटरीकडे जाऊन मजकूर सांगून आला होता. काय लिहिलंय विचारलं तर भूपेश नुसता हसला आणि म्हणाला, पाकीट बंद करून फाइलला लावलंय. माझं धाबं दणाणलं. अकरा वर्षांचा राग काढायला त्याला याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

नव्या अर्जाच्या मुलाखतीला वकिलातीत खिडकीमागे मराठी बोलणाऱ्या बाई होत्या, त्यांच्यामागे एक गोरे साहेब. बाईंनी ते प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं.

"तुमचे शेजारी लिहितात," त्या म्हणाल्या, "'सदानंद भांडखोर माणूस आहे. अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी ज्याने अकरा वर्षं बोलणं टाकलं, तो अख्खी विहीर मला सोडून परदेशात राहील हे शक्य नाही.' खरं आहे का हे?"

"अर्धंच खरं आहे!" माझा आवाज चढला. "बुधवार माझा होता, बाई! केळी निसवलेल्या होत्या, घड बाहेर पडत होते. अर्धा तास म्हणजे दोन ओळी कोरड्या! विचारा त्याला, वीज गेली तर त्यात माझा काय दोष?" साहेब उठून जवळ आले. बाईंनी त्यांना समजावलं तसे ते हसायला लागले.

"पुढेही लिहिलंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "'तो नसताना त्याच्या दोन्ही वारांना मी त्याच्या केळींना पाणी देईन, पूर्ण वेळ देईन. बुधवारी पहाटे त्याचा पंप वाजला की मला कळतं, सदा बरा आहे. यमुनावहिनी गेल्या तेव्हा दोन आठवडे पंप वाजला नाही. तसं पुन्हा नको. त्याने परत यावं.'"

यमुना एप्रिलमध्ये गेली. ऐन उन्हाळ्यात दोन आठवडे मी वाडीत पाऊल टाकलं नव्हतं आणि तरी केळीचं एक पान वाळलं नव्हतं. पाणी कोणी दिलं, हे चार वर्षांत मी कोणाला विचारलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

नवव्या दिवशी व्हिसा आला. निघताना पंपाच्या खोलीची किल्ली हिलरीच्या हातात दिली. आभार मानायचे ठरवून गेलो होतो, पण मी नुसतंच "शेवटच्या ओळीला कमी पोचतं" म्हणालो. "माहितीये," तो म्हणाला.

संपदाचं ऑपरेशन नीट झालं. सहाव्या आठवड्यात ती काठीशिवाय दारापर्यंत आली. आयुषला मी रोज न्हाऊ घातलं, भात भरवला, आणि दर बुधवारी हिलरी पाठवायचा तो व्हिडिओ दाखवला. त्यात माझ्या पाटातून पाणी शेवटच्या ओळीपर्यंत जाताना दिसायचं. माझ्या मुलीचा पाय त्या माणसाच्या एका सहीने वाचला, असं मी मानतो.

जानेवारीत एका मंगळवारी घरी पोचलो. बुधवारी पहाटे पंप सुरू केला, फावडं घेतलं आणि पाट फोडून पाणी हिलरीच्या वाडीत सोडलं. थोड्या वेळाने तो बॅटरी घेऊन धावत आला.

"अरे सदा, पानी माझ्याकडे येते! आज वार कोनता?"

"बुधवार," मी म्हणालो. "येऊ दे. अर्ध्या तासाने बंद करतो."