उंबराखालची विहीर

रिठद गावची सून संस्कृती दर रविवारी आपल्या फेसबुकच्या पानावर इंटरनेटवर सापडलेलं जुनं काहीबाही टाकायची. सिनेमाची पोस्टरं, कॅसेटवरची गाणी, कोणीतरी स्कॅन करून ठेवलेले दिवाळी अंक. त्या रविवारी तिने एका बंद पडलेल्या मासिकाच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकातली कथा टाकली. लेखिका कोणी 'कु. मालती'. कथेतला शेतमालक बैल हरवला म्हणून वर्षाच्या बोलीवरच्या गड्याला, सालदाराला, काठीने मारतो, प्रेत विहिरीत टाकतो आणि आठ दिवसांत विहीर बुजवतो. विहिरीवर तीन खोडांचा उंबर.

दुपारी जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बादलचा मेसेज आला. 'माझे आजोबा सोमला तुमच्या सासऱ्यांकडे सालदार होते. एका पोळ्यानंतर ते घरी आलेच नाहीत. तुमच्या वावरात तसा उंबर आहे ना?'

होता. तीनच खोडांचा.

जेवताना सासरे नानाजी म्हणाले, "ते मोबाइलवरचं काढून टाक."

"काहून, बाबा?"

"म्हणलं ना." त्यांनी भाकरी मोडली. मग फोनवर कोणाला तरी सांगितलं, "उद्या सकायी जेसीबी घेऊन ये. उंबर पाडाचा हाये. वरतून सिमेंट टाकू."

तिचा नवरा राजू खाली मान घालून जेवत राहिला.

सासू तुळसाबाई मागच्या ओट्यावर तूर निवडत होती. संस्कृती तिच्याजवळ बसली. "आई, ही गोष्ट कोणं लिवली असंन?"

"मी." तुळसाबाईची बोटं थांबली नाहीत. "माहेरी गेली तवा लिवली. वाशीमहून पाकीट धाडलं. वाटलं, वाचून कोणीतरी इचाराले येईन. कोणीच आलं नाई. नावं बदलली होती मी. उंबर नाई बदलला."

"तुमी पाह्यलं होतं?"

"पाणी आणाले गेली होती."

संस्कृतीने बादलला उत्तर लिहिलं. मग पोलिसांना फोन केला.

सकाळी जेसीबी वावरात पोचला, तेव्हा तुळसाबाई उंबराखाली मांडी घालून बसली होती. संस्कृती तिच्या शेजारी.

"ऊठ," नानाजी म्हणाले.

"नाई उठत."

ते ड्रायव्हरकडे वळले. "तू चालू कर."

ड्रायव्हरने दोघींकडे पाहिलं आणि किल्ली काढून खिशात टाकली. तोवर पांदणीच्या वाटेने तांड्यावरची वीसेक माणसं येताना दिसली. पुढे बादल, मागे पोलिसांची गाडी.

खोदकाम तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हाडं लागली. तुळसाबाईने पोलिसांना सगळं सांगितलं, एकदाही न रडता. पोलिसांनी हाडं सोपवल्यावर बादल आजोबांना तांड्यावर घेऊन गेला.

महिन्याभराने नानाजी जामिनावर घरी आले. राजूने त्यांना पाणी दिलं. ते अंगणातल्या खुर्चीत बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले.

त्या दिवसापासून सासू-सून एकाच खोलीत झोपतात. आतून कडी लावून.