शेवटचा चालू कॉल

रुग्णवाहिका हवी असली की सगळं शहर ज्या नंबरवर फोन करतं, त्या केंद्रात दोघी बहिणी कामाला होत्या. ताई वरच्या मजल्यावर हेडफोन लावून कॉल घ्यायची. ते कॉल ज्या सर्व्हरवरून धावत, त्यांची तब्येत धाकटी तळमजल्यावर सांभाळायची. ताई तिथे आधीपासून होती, म्हणून हिला पहिल्या दिवसापासून सगळे धाकटीच म्हणत. साहेबसुद्धा.

सर्व्हरना सेन्सर भरपूर होते. तापमान, पंख्यांचा वेग, वीजपुरवठा. जरा काही हललं की टीमच्या फोनवर इशारा. आणि काही ना काही सतत हलायचंच. पंखा क्षणभर मंदावला, इशारा. पुन्हा ठीक झाला, आणखी एक. दिवसभर फोन थरथरत राहायचे आणि सगळे त्यांच्याकडे सरळ कानाडोळा करायचे. काहींनी तर आवाजच बंद करून टाकला होता.

धाकटीला ते बघवेना. ती जुने इशारे घेऊन बसली आणि एकेकाबद्दल एवढंच बघत गेली, की हा आल्यावर कुणाला खुर्चीतून उठावं लागलं होतं का. बहुतेक वेळा कुणी उठलेलं नव्हतं, उठायची गरजही नव्हती. असले सगळे इशारे फोनवर पाठवायचे नाहीत, नुसती नोंद ठेवायची, असं तिने ठरवलं. उरलेले मोजकेच, पण कुणीतरी हातात घेईपर्यंत ते वाजतच राहणार.

साहेबांना हे पटलं नाही. सेन्सर लावायचे आणि वर त्यांचीच तोंडं बांधायची, हा कुठला शहाणपणा, असं त्यांनी मीटिंगमध्ये सुनावलं. उद्या काही बिघडलं तर नाव तुझं येईल, असंही बजावलं.

"येऊ द्या," धाकटी म्हणाली. "आत्ता कुणाचंच येत नाही, कारण इशारे कुणी वाचतच नाही."

मग साहेब करून बघ म्हणाले.

त्यानंतर तिचा फोन इतका शांत झाला की तिलाच धाकधूक वाटायला लागली. अधूनमधून ती वापरात नसलेल्या राखीव सर्व्हरची एखादी वायर मुद्दाम काढायची आणि फोन वाजला की समाधानाने परत लावायची.

मग एका दुपारी, ती डबा उघडत असताना, फोन वाजायला लागला. या वेळी तिने कुठलीही वायर काढलेली नव्हती. मुख्य सर्व्हरचे दोन पंखे बंद पडले होते, बाकीचे जिवाच्या आकांताने फिरत होते आणि तापमान चढत होतं. ठरलेल्या मर्यादेला पोचलं की सर्व्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तसा तो झाला असता, तर त्यावरचा प्रत्येक कॉल बोलता बोलता तुटला असता.

नवे कॉल तिने लगेच शेजारच्या सर्व्हरकडे वळवले. चालू कॉल मात्र मध्येच हलवता येत नव्हते. ते संपेपर्यंत या तापलेल्या सर्व्हरला तगवणं भाग होतं. तिने त्याच्यावरची बाकीची कामं थांबवली, त्याचा वेग निम्म्यावर आणला. तापमानाची चाल मंदावली. एकेक कॉल संपत गेला. शेवटी एकच राहिला, आणि तो ताईच्या टेबलावरचा होता.

तोवर साहेब खाली आले होते. त्यांनी वर फोन लावून विचारलं. एका बाईंचा नवरा घरात कोसळला होता, श्वास थांबला होता, आणि ताई त्यांना छाती कशी दाबायची ते आकडे मोजत सांगत होती. गाडी निघाली होती, पण पोचली नव्हती.

"तुटला तर परत लावता येईल ना?" साहेबांनी विचारलं.

"येईल. पण त्या बाईंचे हात नवऱ्याच्या छातीवर आहेत. फोन उचलायला ते काढावे लागतील."

साहेब बाहेर धावले आणि स्वागतकक्षातला उभा पंखा उचलून घेऊन आले. धाकटीने सर्व्हर ठेवलेल्या रॅकचं दार सताड उघडलं. साहेबांनी पंखा सर्व्हरच्या तोंडाशी धरला, टाय उडून खांद्यावर गेला तरी हलले नाहीत. तापमानाचा आकडा मर्यादेला टेकता टेकता थबकला. धाकटी पापणी न लववता त्याच्याकडे बघत राहिली. मग तो एकाने उतरला. पुन्हा एकाने.

थोड्या वेळाने कॉल संपला. तुटला नव्हता. गाडी पोचल्यावर ताईने तो स्वतः ठेवला होता. धाकटीने सर्व्हर आपल्या हाताने बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसकण मारली. साहेबांनी पंखा खाली ठेवला.

"नाव तुझंच येणार," ते म्हणाले. "आणि बाकीच्या केंद्रांतही आता तुझीच पद्धत लागेल. मी आजच वरिष्ठांना कळवतो."

वर हेडफोन काढून बसलेल्या ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाकीच्यांना मात्र ताई कॉलवर असतानाच बातमी कळली होती, आणि धाकटी दारात दिसली तसे ते सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. ताईला वाटलं, आपल्यासाठीच. साहेबांनी सगळं सांगितल्यावर ती तडक उठली आणि सगळ्यांदेखत तिने धाकटीला घट्ट मिठी मारली. संध्याकाळी हॉस्पिटलमधून निरोप आला, पेशंट शुद्धीवर आलाय आणि चहा मागतोय.

घरी जेवताना बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नुसता पंखाच बिघडला होता ना?"

धाकटी हसत सुटली. ताईने ताट बाजूला सारलं आणि बाबांना पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं. या वेळी तिच्या सांगण्यात सर्व्हर रूममधून धूरसुद्धा निघायला लागला, आणि धाकटीने तिला अडवलं नाही.