पंधरा-चाळीस, डिझेलचं

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल जीप आहे. बोरीवलीच्या एका सोसायटीत पाण्याच्या टाकीशेजारी उभी असते. माझ्या काचेवरच्या धुळीत बोटाने ‘मला धुवा’ असं लिहून पळणारे तुम्हीच ना? लिहा, लिहा! तेवढाच कुणाचा तरी हात लागतो अंगाला.

कारखान्यातल्या माझ्या जन्माची गोष्ट सांगत नाही. ती सगळ्या गाड्यांची सारखीच असते. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मधुकरकाकांनी मला घरी आणलं तेव्हा. कुंदाकाकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि काका मला म्हणाले, “चल गो बाय!” तेव्हापासून मी त्यांची बाय झाले. दर गणपतीला आणि शिमग्याला आम्ही कणकवलीजवळच्या त्यांच्या गावी जायचो. पहाटे पवईचं तळं मागे टाकायचं आणि दुपारी कशेडी घाट चढायचा. घाटात मी जरा घुरघुरले की काका बॉनेटच्या दिशेने बोलायचे, “दमलीस काय? आता उतार येतलो.” आता तिथे बोगदा झालाय म्हणे. झाला असेल. मला मात्र अजून घाटच आठवतो.

गावी निघायच्या आधीच्या रविवारी माझं ऑइल बदलायचं, हा आमच्या घरचा नेम. काका गल्लीतल्या दुकानात जाऊन नेहमीचंच वाक्य म्हणायचे, “पंधरा-चाळीस द्या, डिझेलचं.” मग स्वतः माझ्याखाली शिरून जुनं ऑइल काढायचे. बाहेर नुसते पाय दिसायचे. नवं ओतायचं काम काकूंचं. नरसाळं धरून त्या वाकलेल्या असताना काका खालून त्यांना शिकवायचे.

“कुंदा, हिचं आता वय झालं. इंजिनातल्या फटी रुंदावल्यात. पातळ ऑइल तिथे टिकणार नाही, हिला पंधरा-चाळीस नंबरचं जाडच हवं. आणि डिझेलची काजळी पोटात धरून ठेवणारं हवं, पेट्रोलच्या गाडीचं चालत नाही.”

“मला काय परीक्षेला बसायचंय? कंबर मोडली माझी!” काकू म्हणायच्या.

ओतून झालं की काका हात पुसून स्टिअरिंगवर बसायचे. काकू झाकण लावून ओरडायच्या, “झालं हो!” मग चावी फिरायची. किती वर्षं हे असंच चाललं! मला वाटलं होतं, असंच चालत राहील.

गेल्या पौषात काका गेले.

त्यानंतर मला कुणी रागावलं नाही, कुणी मारलं नाही. फक्त विसरले. डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, ती काका दर रविवारी ओढून बघायचे. ती तशीच आत बसून राहिली. चपलांचा आवाज आला की मला वाटायचं, आले. पण ते दुसरंच कुणीतरी असायचं.

दसऱ्याला त्यांचा मुलगा मिहिर खाली आला. मिहिरला चांगली नोकरी आहे, नवीकोरी पेट्रोलची गाडी आहे. मुलगा मनाचा लोण्यासारखा. त्याने मला धुतलं, झेंडूचा हार घातला आणि त्याच्या गाडीत पडतं तेच भारी, महागडं ऑइल माझ्यात भरलं. “बाबांनी तुला कायम साधंच घातलं. आता चैन कर,” असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. मी काय बोलणार? बोलता आलं असतं तर ओरडले असते, अरे बाबा, हे माझ्यासाठी नाही रे!

ते ऑइल पाण्यासारखं पातळ. मिहिर मला फिरवून आणायचा तेव्हा ते गरम होऊन माझ्या फटींतून निसटून जायचं. दिवाळीपर्यंत इंजिन टकटक करू लागलं, ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला, मागून निळसर धूर निघायला लागला. खालच्या फरशीवर डाग पडले म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी अनंतराव येऊन तणतणून गेले.

“आई, वाट लागली इंजिनाची,” मिहिर म्हणाला. “रविवारी भंगारवाल्याला बोलावतो.”

काकूंचा चेहरा पडला. पौषात काकांचं वर्षश्राद्ध गावी करायचं होतं आणि तिथे माझ्यातूनच जायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. “तुझे बाबा तिकडे हिच्याशिवाय कधी गेले नाहीत रे,” एवढंच त्या बोलल्या.

रविवारी सकाळी त्या एकट्याच खाली आल्या. बहुतेक माझा निरोप घ्यायला. बॉनेट उघडलं आणि काका करायचे तशी पट्टी ओढली. टोकाचं ऑइल दोन बोटांत चोळलं, पुन्हा चोळलं. मग वर बघून हाक मारली, “मिहिर! खाली ये आधी!”

तो धावत आला. “काय झालं?”

“हे काय घातलंस हिला? बोटावर थांबतसुद्धा नाही!”

“अगं, सगळ्यात महागातलं आहे. माझ्या गाडीला हेच घालतो.”

“तुझी गाडी काल जन्मलेली. आणि पेट्रोलची. तुझे धावायचे बूट माझ्या गुडघ्यांना चालतील का रे?”

मिहिर खाली मान घालून उभा राहिला. “मला वाटलं, बाबांच्या गाडीला सगळ्यात चांगलं ते द्यावं.”

“कळतंय रे राजा,” त्याच्या पाठीवर हात ठेवत काकू म्हणाल्या. “जा, दुकानात जा.”

“काय मागू? बाबा काय म्हणायचे?”

पदराने डोळे पुसून काकू म्हणाल्या, “पंधरा-चाळीस. डिझेलचं.”

मित्रांनो, त्या दिवशी माझ्याखालून मिहिरचे पाय बाहेर दिसत होते. अगदी काकांसारखे. भंगारवाला फाटकापाशी येऊन थोडा वेळ बघत उभा राहिला आणि गेला. काकूंनी नरसाळं धरलं, कंबर धरली, सगळं ऑइल ओतलं. मिहिर हात पुसून स्टिअरिंगवर जाऊन बसला. काकूंनी झाकण घट्ट लावलं आणि सवयीने मोठ्याने ओरडल्या,

“झालं हो!”

आणि तशाच थिजल्या. मीही थिजले. ज्याला ‘हो’ म्हणायचं, ते माणूस तिथे नव्हतं. मिहिरने हळूच चावी फिरवली.

लाल दिवा लागला, आणि विझला. तो पुन्हा लुकलुकला नाही. टकटक थोडी राहिली, पण या वयात तेवढी चालायचीच.

मुलांनो, एवढंच मागते. तुमच्या घरी कुणी जुनं असेल, गाडी असो की माणूस, तर त्याला काय मानवतं ते आधी विचारा, मग प्रेम करा. आणि मधूनमधून पट्टी ओढून बघत जा.

पौषात आम्ही गावी जाणार आहोत. बोगदा राहू दे, घाटातूनच जाऊ, असं काकूंनी मिहिरला आत्ताच बजावून ठेवलंय.