दिग्विजयचा श्वास

जुनेदचं नारायण पेठेत चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर बसून त्याची वीस वर्षं गेली होती. त्यामुळे पोकर शिकल्यावर समोरच्याची पानं ओळखणं त्याला फारसं जड गेलं नाही.

दर रविवारी दुपारी दिग्विजयच्या फ्लॅटवर चौघांचा डाव बसे. पैसे लावत नसत. हरणाऱ्याने सगळ्यांना मस्तानी पाजायची, एवढंच. सुदर्शनला चांगली पानं आली की त्याची बोटं थरथरत. हेमा अशा वेळी आपल्या चिप्सकडे चोरून बघे आणि लगेच मान फिरवे. दिग्विजय मात्र कळत नसे. त्याची खूण सापडायला जुनेदला आठ महिने लागले. दिग्विजयचा वाचायचा चष्मा टी-शर्टच्या गळ्याला अडकवलेला असे आणि श्वासाबरोबर वरखाली होई. थाप मारली की दिग्विजय हसे, नजरेला नजर देई, पण बोलून झाल्यावर तो चष्मा जागच्या जागी थांबे. तो श्वास घ्यायचंच विसरायचा. जुनेदने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी पानं वाटता वाटता हेमाने विचारलं, "तनुजा दिसत नाही ती?"

"साताऱ्याला गेलीय, आईकडे," दिग्विजय म्हणाला. "सकाळी मीच स्वारगेटला सोडून आलो."

चष्मा थांबला.

जुनेदने आपली पानं उचलली, पण त्याला ती दिसेनात. नवराबायकोत काही झालं असेल, आपल्याला काय करायचंय, असं त्याने स्वतःला समजावलं. तरी तोंडातून निघून गेलं, "कितीची गाडी मिळाली?"

"साडेसातची."

चष्मा पुन्हा थांबला.

"आणि आज चहा कोण करणार?"

"मीच. दुसरं कोण?" आता चष्मा हलला. दिग्विजयने पानं पालथी ठेवली. "आज फार चौकशा, जुनेद?"

"चहाचीच काळजी. तुझ्या हातचा पिऊन बघितलाय मी."

सुदर्शन हसला. दिग्विजय हसला नाही. पुढचे दोन डाव त्याने जुनेदच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. जुनेदकडे तिसऱ्या डावात तीन राजे होते. तरीही त्याने पानं टाकून दिली. जिंकल्यावर दिग्विजय जरा सैल झाला. तेव्हा जुनेद उठला आणि "आलोच" म्हणून बाथरूमकडे गेला.

वाटेत फ्रिज होता. फ्रिजच्या वर, पार मागे, हिरव्या काड्यांचा चष्मा होता. तो जुनेदनेच बनवला होता. तनुजाचा नंबर मायनस नऊ. चष्म्याशिवाय तिला दारातला माणूस ओळखता येत नसे. ती साताऱ्याला गेली असेल, तर आंधळ्यासारखी गेली होती.

शेजारच्या खोलीला बाहेरून कडी होती.

 हॉलमधून चिप्सचा आवाज येत होता. मग तो बंद झाला आणि खुर्ची सरकली. जुनेदने चष्मा उचलला आणि कडी काढली.

तनुजा पलंगाच्या कडेला बसली होती. "कोण?" तिने डोळे बारीक करून विचारलं. दंडावर चार बोटं उमटली होती.

"मी जुनेद, वहिनी. हा घ्या चष्मा."

"तुम्ही जा," ती कुजबुजली. "तो येईल."

"आलोय," मागून दिग्विजय म्हणाला.

तो दार अडवून उभा होता. आवाज अगदी शांत होता. "तिची तब्येत बरी नाही. डोकं फिरलंय तिचं. घरातली गोष्ट आहे, जुनेद. पत्ते खेळायला आलायस, पत्ते खेळ."

 जुनेदने मोठ्याने हाक मारली, "हेमा!"

हेमा धावत आली. तिने तनुजाचा दंड बघितला. दिग्विजयच्या हाताखालून वाकून आत शिरली आणि तिने तनुजाला उठवलं. सुदर्शनही मागे येऊन उभा राहिला होता. तिघांसमोर दिग्विजय बाजूला झाला. त्याने जिन्यापर्यंतही पाठलाग केला नाही, आणि त्याचीच जुनेदला जास्त भीती वाटली.

रिक्षात हेमाने विचारलं, "आम्ही सगळे बाहेर होतो. हाक का नाही मारलीस?"

"मला वाटलं, तुम्ही त्याचे," तनुजा म्हणाली.

चौकीत तक्रार नोंदवली गेली. तनुजा सांगलीला मावशीकडे गेली. दिग्विजयला जामीन मिळाला.

महिन्याभराने, भर दुपारी, तो दुकानात आला आणि तपासणीच्या स्टुलावर बसला.

"कशावरून ओळखलंस?"

"काही घ्यायचं असेल तर सांगा. गिऱ्हाईक थांबलंय."

"मी थांबतो की," दिग्विजय म्हणाला. "कृष्णेला पाणी किती आलंय, ते बघायला जाणार आहे या आठवड्यात. सांगलीला." टी-शर्टच्या गळ्यातला चष्मा श्वासाबरोबर हलत राहिला. मग तो उठला आणि सावकाश लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत शिरला.

जुनेदने गिऱ्हाइकाला हातानेच थांबायला सांगितलं आणि हेमाला फोन लावला. "तनुजाला आत्ताच्या आत्ता मावशीच्या घरातून हलव," तो म्हणाला. "कुठे नेतेस ते मलाही सांगू नकोस."