हिरवा चुडा, पांढरी चिनीमाती

चेरीच्या झाडाखाली फुटून पडलेली काळीलाल फळं.

मिरजेच्या कासाराचा साबणानं निसरडा हात.

एक पांढरा कप. कानापाशी टवका उडालेला.

घड्याळात आठ, आणि आभाळात अजून दुपार.

हेमांगीची आई ‘बांगडी फुटली’ असं कधी म्हणत नसे. ‘वाढली’ म्हणे.

मोझेल नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या उतरत्या हरित पायऱ्यांवर, जूनचं ऊन मावळायचं विसरलं होतं. सुवर्णपीत ऊन, मधुमंथर ऊन, निर्दय ऊन. कुणाचाही चेहरा झाकायला त्याच्याजवळ सावली नव्हती.

योआखिमच्या अंगणात चिनीमाती फुटत होती. गावची रीतच तशी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाहुण्यांनी घरातली जुनी भांडी आणायची, वधूवरांच्या दारात आपटायची, आणि त्या दोघांनी मिळून तो चुरा झाडायचा. बशा फुटत होत्या, सुरया फुटत होत्या, कुणाच्या तरी पणजीची फुलाफुलांची किटली फुटत होती. शुभ्र, शंखशुभ्र, अस्थिशुभ्र चुरा. जितका चुरा, तितकं सुख.

“नीट झाड रे! संसारात असाच अर्धा केर ठेवणार का?”

“झाडू उलटा धरलाय बघा नवरदेवानं!”

हेमांगी फाटकाच्या दगडी खांबापाशी उभी होती. तीन हिवाळे योआखिम तिचा होता. चौथ्या वसंतात तो आनेलीचा झाला. ‘मैत्रीण म्हणून ये,’ असं त्यानं कळवलं होतं. ‘आणि फोडायला काहीतरी आण.’

तिनं कप आणला होता. तीन हिवाळे त्याच कपातून तो तिच्या गॅलरीत चहा प्यायचा, आलं घातलेला, नाक मुरडत, रोज. तो कप तिनं त्याच्यासमोर धरला. एवढंच हवं होतं तिला. त्यानं ओळखावं. एक क्षण त्याचा झाडू थांबावा.

“अरे वा, हेमा! फेक, फेक! जोरात!”

तो हसत होता. त्याच्या निळ्या डोळ्यांत तिचा कप म्हणजे एक कप होता.

तिनं हात उचलला. मनगटात डझनभर बांगड्यांचा हिरवा चुडा किणकिणला. कप सुटला, आणि सुटता सुटता हात खांबावर आदळला. पांढऱ्यावर हिरवं सांडलं. हिमावर गवत उगवावं तसं.



“काच!” योआखिमची म्हातारी मावशी हेडविग किंचाळली. “अगं पोरी, काच नाही फोडायची! काच फोडली की संसार फुटतो!”

“जाऊ दे गं मावशी,” योआखिम म्हणाला. “परकी आहे ती. तिला काय माहीत?”

तेवढ्यात आनेलीनं पाऊल पुढे टाकलं. उघड्या चपलेतलं, गोरं, निर्धास्त पाऊल. आणि ती कळवळली.

योआखिम गुडघ्यांवर बसला. तिचं पाऊल त्यानं मांडीवर घेतलं, तळव्यावर हळुवार फुंकर घातली, दोन बोटांनी हिरवा तुकडा उपसला, आणि रक्ताच्या त्या एका थेंबावर ओठ ठेवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं डोळे पुसले. हेमांगीच्या मनगटावरून रक्ताची बारीक रेघ कोपरापर्यंत उतरली होती. ती कुणीच पाहिली नाही.

मग त्यानं तो तुकडा उन्हात धरला. पाचूसारखा, पाण्यासारखा, पहिल्या पानासारखा हिरवा.

“सुंदर आहे,” तो म्हणाला. “तुमच्याकडे याला काही अर्थ असतो का गं?”

“छे. नुसती हौस.”

योआखिम आणि आनेली पुन्हा झाडू लागली. पांढरं आणि हिरवं, हिरवं आणि पांढरं, एकाच सुपलीत, एकाच लयीत, सरसर, सरसर.

काच फोडायची नसते, हे योआखिमनंच तिला पहिल्या हिवाळ्यात सांगितलं होतं.