आढ्याला टांगलेले तांदूळ

"दुर्पता, पुनवेले गावची शीव ओलांडजो नोको. घरचा दिवा तुह्याच हातानं लागला पाहिजे. माह्यावानी करशील तं जलमभर पस्तावशील."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, पण हा आवाज काही दुर्पताच्या कानातून गेला नाही. दर पौर्णिमेला समई घासायला घेतली, की राखेच्या पहिल्या चिमटीबरोबर तो यायचाच.

सासूबाईंच्या म्हणण्यामागे कारण होतं. दुर्पताचा नवरा टेकचंद लहान असताना त्या एकदा राखीपौर्णिमेला माहेरी गेल्या होत्या आणि नेमकी त्याच रात्री गावच्या तलावाची पाळ फुटली. खालच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, रोवलेलं धान वाळूखाली गेलं, गोठ्यातली बैलजोडी वाहून गेली. लोकांनी पावसाला दोष दिला. सासूबाईंनी स्वतःला दिला. घरची लक्ष्मी पुनवेला घर सोडून गेली म्हणून देव कोपला, असं त्यांनी धरलं ते धरलंच. त्या दिवसापासून त्यांचा देव शाळेतल्या गुरुजीसारखा झाला. डोळे वटारून बसलेला, रोज हजेरी घेणारा. पितळी समईबरोबर तोच देव दुर्पताच्या ओटीत आला.

दुर्पताला त्याचं ओझं वाटलं, असं म्हणता येणार नाही. नेमधर्म तिच्या अंगाला मानवला होता. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तुळशीला रोज तलावाचं लोटाभर पाणी. उपासाच्या दिवशी तर तिचा चेहरा उलट जास्तच टवटवीत दिसायचा. टेकचंद म्हणायचा, "माह्या घरी कॅलेंडर कायले पाहिजे? ताटात साबुदाणा दिसला का तिथी समजते."

टेकचंदला स्वतःला देवघरापुढे बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्याच्या पूर्वजांनीच अर्जुनी मोरगावकडच्या या गावात तलाव बांधला होता. उतार दिसला की पाण्याचा विचार करणारी ती माणसं. टेकचंदही रोज सकाळी पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, खेकड्यांची बिळं टाचेनं दाबून बुजवायचा, आणि तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, हातानं चाचपून पाहायचा. "हेच माहं देऊळ अन् हेच माही परदक्षिणा," म्हणायचा.

कुंपणापलीकडे सुमित्राबाई मडावी राहायच्या. गोंड घरातल्या, साठीच्या, एकट्या. मुलगा उमेंद्र वनखात्यात, गडचिरोलीकडे. त्यांच्या घरात देवाचा एकही फोटो नव्हता. दुर्पता नवी नवरी होऊन आली तेव्हा तिनं भाबडेपणानं विचारलं होतं, "तुमच्या देवाचा फोटो नाही का वो?"

"तुह्या आज्याच्या बापाचा फोटो हाये का घरी?"

"नाही."

"मंग तो नोहोता का?"

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. तीस वर्षं कुंपणावरून वाट्या जात-येत राहिल्या. सुमित्राबाईंचा देव बांधावरच्या साजाच्या झाडात आणि सालेकसाकडच्या कचारगडच्या गुहेत. दर माघात त्या डोक्यावर गाठोडं घेऊन तिकडे जात. जाताना दुर्पताच्या दारात थांबून म्हणत, "तू ठेव तुह्या दिव्यावर ध्यान. मी येतो आज्याले भेटून."

यंदा पौषात सुमित्राबाई दवानं ओल्या झालेल्या पाळीवरून घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. दुर्पताची सून प्राची उपकेंद्रात नर्स. तिनंच त्यांना दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं आणि बजावलं, "दीड महिना पाय जमिनीला लागला नाही पाहिजे. समझलं ना, आजी?" प्राची गोंदियाची, तिच्या बोलण्यात हिंदी आपसूक यायची.

तेव्हापासून दुर्पता दोन चुली सांभाळू लागली.

घोटाळा झाला तो सोमवारी. महादेवाच्या नैवेद्याच्या खिरीला घरी कांडलेलाच तांदूळ लागतो, हाही सासूबाईंचाच दंडक. "मशीनीचा तांदूळ माणसाले चालते, महादेवाले नाही." दुर्पताच्या डब्यातला कांडलेला तांदूळ नेमका संपला होता. त्या दुपारी सुमित्राबाईंच्या घरातली जाळीजळमटं काढताना तिला आढ्याला टांगलेली पळसाच्या पानांची पुडी दिसली. सोडून पाहिली, तर आत बारीक, वासाचा, हातानं कांडलेला तांदूळ. एक दाणा तुटलेला नाही! सुमित्राबाई दुखण्याची गोळी घेऊन गाढ झोपल्या होत्या. उठवायचं तिच्या जिवावर आलं. तीस वर्षांच्या वाट्या कुंपणावरून गेल्या-आल्या, त्यात ही एक. उठल्या की सांगू, असं म्हणून तिनं अर्धी पुडी ओंजळीत घेतली.

खीर झाली. महादेवाला नैवेद्य झाला. संध्याकाळी त्याच खिरीनं उपास सोडून, वाटी घेऊन ती सुमित्राबाईंच्या खाटेपाशी बसली.

"बेस झाली वो खीर," दोन घास खाऊन सुमित्राबाई म्हणाल्या. "कोणचा तांदूळ? घमघम करून राहिला."

"तुमचाच तं. आढ्याच्या पुडीतला."

चमचा वाटीतच थांबला.

सुमित्राबाईंनी वर आढ्याकडे पाहिलं. मग वाटीकडे. मग वाटी खाली ठेवली.

"काऊन वो? काय झालं?"

"तो देवाचा होता," सुमित्राबाई सावकाश म्हणाल्या. "पहिल्या कापणीच्या पेंडीचा. उपाशी पोटी कांडून ठेवलेला. आमच्या घरची रीत हाये. मूठभर कचारगडले न्यायचा, तिथं ठेवायचा, चार दाणे परत आणायचे. पेरणीच्या दिवशी ते भातात घालून शिजवायचे, मंगच बियाण्याले हात लावायचा. माह्या सासूच्या सासूपासून चालू हाये."

एका देवाच्या वाटचं उचलून दुर्पतानं दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि तेही सोवळं पाळण्याच्या नादात. "आता वो? कोपंल न तुमचा देव?"

"कोपंल?" सुमित्राबाईंना हसूच आलं. "कायले कोपंल? आजा हाये तो आमचा. नातवानं धानाच्या डोल्यातले दाणे खाल्ले तं आजा काठी घेऊन धावते का? अन् खाल्ले कोणं, तं तुह्या महादेवानं. पाहुणा खाऊन गेला समज."

दुर्पताला जरा धीर आला. तेवढ्यात सुमित्राबाई खिडकीकडे तोंड करून पुटपुटल्या, "रागावत नाही तो. वाट मात्र पाहते."

हे बोलणं दुर्पताच्या काळजात रुतलं. रागावणारा देव तिच्या ओळखीचा होता. त्याला उपास देता येत होता, नाक घासता येत होतं. नुसती वाट पाहणाऱ्या देवाचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"यंदा कोण नेणार होतं?" तिनं विचारलं.

"कोण नेते? उमेंद्रले सुट्टी नाही. टोलीवरच्या वस्तीतले आमचे सारे मिरची तोडायले तेलंगणात गेले. हा असा पाय." त्यांनी प्लास्टरवर टिचकी मारली. "पडला खाडा, तं पडला."

"मी नेईन."

"तू?"

"अर्धा उरला हाये पुडीत. चूक माही, मीच नेऊन ठेवीन. पण मी बाहेरची, चालंन का?"

सुमित्राबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "त्याच्या वाटचा तांदूळ तुह्या पोटात गेला न? मंग बाहेरची कशी? घरचीच झाली तू." आणि मग अगदी हळू, "वचन देऊन राहिली का, दुर्पता?"

"देऊन राहिली."

घरी येऊन खिरीचं पातेलं घासताना तिचा हात एकदम थबकला. कचारगडची जत्रा माघी पौर्णिमेची! दरवर्षी दिवा हातात घेऊनच तर ती सुमित्राबाईंना दारातून निरोप द्यायची. अपराधाच्या भरात शब्द देऊन बसली आणि पौर्णिमा मनात आलीच नाही.

पुढचे दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडलं. देवापुढे बसली की सासूबाईंचा आवाज, आणि डोळे मिटले की आढ्याला हलणारी पुडी. दिलेला शब्द मोडावा, की घेतलेला नेम?

प्राचीला ते सोपं वाटलं. "मम्मीजी, दिवा मी लावते ना. तुम्ही बिनधास्त जा."

"माह्याच हातचा लागते, बाई."

"भगवान काय हात पाहून उजेड घेतो? आमच्या डिलिव्हरीच्या टेबलाजवळ मी रोज हात जोडते. तिथं समई नाही, ट्यूबलाइट आहे. तरी ऐकतो तो. बाळ रडलं, की समजते मला, ऐकलं म्हणून."

दुर्पताला ते पटलं, पण प्राचीसाठी पटलं. स्वतःसाठी काही ती गाठ सुटेना.

पौर्णिमेला दोन दिवस उरले तेव्हा ती टेकचंदची न्याहारी घेऊन पाळीवर गेली. तो नेहमीप्रमाणे बिळं बुजवत होता.

"ऐका का. मी जाऊ का नको?"

"मले कायले विचारतेस? मी तुह्या देवाच्या मधात पडत नाही."

"माह्या नाही, तुमच्या आईच्या, आत्याबाईंच्या देवाच्या मधात पडा. पाळ फुटली तवा—"

टेकचंदनं हातातला चिखल झटकला. भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "बस," म्हणाला. "एक गोष्ट सांगतो. आजपावतो कोणाले नाही सांगितली."

दुर्पता पदर सावरून बसली.

"ते तिकडं सलंग दिसते न?" त्यानं पाळीच्या टोकाकडे बोट केलं. तलाव भरला की जास्तीचं पाणी वाहून जायची दगडी वाट होती ती. "आई घरी असली का श्रावणात मासोळीचं नाव घ्यायची सोय नोहोती. त्या साली आई माहेरी गेली अन् बाबाच्या जिभेले पाणी सुटलं. सांजेले जाऊन त्यानं सलंगावर बांबूची जाळी लावली. रातीले पाऊस आला, पालापाचोळा येऊन जाळीले अडकला. पाण्याले जायले जागा नाही राहिली. पाणी पाळीवरून गेलं अन् पाळ फुटली."

दुर्पतानं वळून सलंगाकडे पाहिलं.

"बाबा मरताना मले बोलला. म्हणे, तुह्या आईले सांगू नोको."

"अन् तुम्ही नाही सांगितलं?"

"कसा सांगू? सांगितलं असतं तं तिचा देवबी गेला असता अन् नवराबी. दोन्ही एकाच दिवशी." त्यानं शेवटी घास तोंडात घातला. "तवापासून मी हे सलंग रोज पाहतो. देवाचं मले माहीत नाही. काडी-कचरा माह्या हातात हाये."

दुर्पताला आधी रडू आलं. कितीक पौर्णिमा त्या बाईनं जागच्या जागी बसून काढल्या, सासऱ्यांच्या जिभेच्या चोचल्यापायी. मग मात्र, का कोण जाणे, तिला हसू फुटलं. श्रावणात लपूनछपून जाळी लावणारे सासरे तिच्या डोळ्यांपुढे आले. टेकचंदही हसला. दोघं पाळीवर बसून पोरांसारखी हसली, आणि काठावरचे बगळे उडून पलीकडे जाऊन बसले.

"मंग पुनवेचा दिवा बंद करशील का आता?" टेकचंदनं विचारलं.

"बंद कायले? इतकी वर्षं लावला, तं मले आवडते तो." आणि हे बोलताना तिच्याच लक्षात आलं, की ते खरं होतं. भिऊन लावायचा दिवा सासूबाईंचा होता. आवडीनं लावायचा तिचा.

पौर्णिमेला ती नेहमीपेक्षा लवकर उठली. अंघोळ केली, समई काठोकाठ भरली, पाचही वाती लावल्या. हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, येते मी. सांजेपर्यंत प्राची तेल घालंन." घरात समईच्या वातीखेरीज काही हललं नाही. उपास होताच. जत्रेला निघाली म्हणून पौर्णिमा थोडीच सोडायची?

सुमित्राबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. पुडीला नवं पळसाचं पान गुंडाळून तयार ठेवलं होतं.

"अर्जुनीवरून गाडीनं गोंदिया, तिथून दरेकसाची गाडी," त्या म्हणाल्या. "दरेकसाले उतरली का कोणाच्याबी मागं चालू लाग, सारे तिकडेच जाते. चढताना कोणी हात दिला तं घेजो, लाजजो नोको. अन् तिथं काही मागजो नोको."

"मंग काय म्हणू?"

"सुमित्राच्या घरून आलो म्हणजो. बस, तेवढंच. त्याले समजते."

"अन् उशीर झाला तं?"

"बसून हाये तो," सुमित्राबाई म्हणाल्या. "परत येताना चार दाणे आणजो. यंदा पेरणीचा भात तुह्या चुलीवर शिजवू."

दुर्पतानं पुडी पदरात बांधली. फाट्यावर एसटी गाठायची तर पाळीवरून जाणं जवळचं. पश्चिमेला पौर्णिमेचा चंद्र अजून तलावावर रेंगाळत होता आणि इकडे उजाडायला लागलं होतं. सलंगापाशी टेकचंद वाकून दगडांतल्या काड्या काढत होता. त्यानं मान वर केली नाही. फक्त तिच्या वाटेवरची एक ओली फांदी उचलून बाजूला टाकली.

सलंगाच्या पलीकडे गावची शीव. तिथं ती एकदा थांबली, पदरातली गाठ चाचपली, आणि जणू आत्याबाईंची झोपमोड नको म्हणून, चप्पल आवाज करणार नाही अशा बेतानं पलीकडे पाऊल टाकून फाट्याच्या दिशेनं चालू लागली.